व्हिएन्नावाले सर

६ मे. सकाळी उठल्या उठल्या गच्चीवर बाज टाकून तिची नवार आवळायला घेतली. हैदराबादच्या मे महिन्यात आठनंतर गच्चीवर पाय ठेवता येत नाही, त्यामुळे जे काय ते त्याआधी. नवार आवळणं एकट्याचं काम नाही. एकानं पट्टी ओढून धरायची, दुसऱ्यानं गुडघा टेकवून ती कसायची. ओढायला आमचे हे होते, गुडघा माझा होता आणि सूचना द्यायला सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. मनगटाचं प्लास्टर निघालं तरी त्यांच्या उजव्या हातात अजून जोर नाही, त्यामुळे फक्त तोंड चालू.

"एवढी घट्ट नको गं. माणूस निजायचा आहे तिच्यावर, पापड नाही वाळवायचे."

ही बाज सरांची. वर्षातून एकदा, सहा मेला, ती आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये जाते आणि दुसऱ्या दिवशी परत आमच्या जिन्याखाली येते. ज्या डॉक्टरांनी व्हिएन्नात रोग्यांना कोचावर आडवं करून मनात येईल ते बोलायला लावलं आणि त्यातून मनाचं एक नवंच शास्त्र उभं केलं, त्यांचा हा जन्मदिवस. मलकपेठेतली पन्नासेक मराठी घरं त्यांची जयंती साजरी करतात हे बाहेरच्या कोणाला सांगितलं तर तो आधी हसतो, मग "खरंच?" म्हणून विचारतो. खरंच. सरांनी सुरू केली. सर जानेवारीत गेले, त्यामुळे यंदाची ही त्यांच्याशिवायची पहिलीच.

यंदा आणखी एक गोष्ट होती. दोन दिवसांनी सासूबाई पुण्याला, माझ्या मोठ्या दिरांकडे, जायच्या होत्या. कायमच्या. फेब्रुवारीत त्या बाथरूममध्ये पडल्या, मनगट मोडलं. मी एका रुग्णालयात औषधांचं स्टोअर सांभाळते, हे ऑफिसात, मुलगी बंगळुरूला. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घरात त्या एकट्या. दीर आले, दोघा भावांनी बसून ठरवलं, मलाही पटलं. पुण्याच्या घरात दिवसभर माणूस असतं, सोसायटीला लिफ्ट आहे, दवाखाना खालीच आहे. सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ठरवलंत ना, झालं तर." आम्ही ते होकारात धरलं.

सरांचं नाव मी लिहीत नाही, आणि त्या डॉक्टरांचंही नाही. ही रीत सरांचीच. ते म्हणायचे, "त्यांचं नाव घेतलं की निम्मी माणसं गालात हसतात आणि उरलेली पदर सावरतात. मग पुढचं कोणी ऐकत नाही." म्हणून ते नेहमी 'व्हिएन्नाचे डॉक्टर' म्हणत. गल्लीतल्या लोकांशी दखनीत बोलताना 'हमारे हकीमसाब'. त्यामुळे आमच्या ऑटोवाल्याची बरीच वर्षं अशी समजूत होती की सरांच्या ओळखीचे कोणी यूनानी हकीम आहेत आणि ते सरांना फुकट औषध देतात.

सर एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. आजोबा निजामाच्या काळात कचेरीत पेशकार, वडील वकील. घरात मराठीइतकीच उर्दू. आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुनी पुस्तकं मांडतात, तिथं विद्यार्थी असताना त्यांना व्हिएन्नाच्या डॉक्टरांचं एक पुस्तक मिळालं. पहिली वीस-पंचवीस पानं गेलेली. "म्हणून मला ते आवडलं," सर सांगत. "प्रस्तावना असती तर मी तिथंच ठेवून दिलं असतं." लग्न झालं होतं, पण बायको लवकर गेली, मूल नव्हतं. आमच्यापासून दोन घरं सोडून खालच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचे. बाज आमच्या जिन्याखाली आली ती त्या खोल्यांत पुस्तकांमुळे जागा उरली नाही म्हणून.

त्यांची पहिली खोड म्हणजे ते कोणाला "कसे आहात?" विचारत नसत. "त्याला सगळे 'बरं आहे' म्हणतात. माणसाला सकाळी सकाळी खोटं बोलायला कशाला लावायचं?" रेसकोर्सच्या भिंतीकडेनं फिरून येताना जो भेटेल त्याला विचारायचे, "काल काय पाहिलंत?" म्हणजे स्वप्नात. नवीन माणूस टीव्हीवर काय पाहिलं ते सांगायचा. जुनी माणसं तयारीत असायची. ऑटोवाला लांबूनच ओरडायचा, "सर, कल मेरी ऑटो पानी पे चल रही थी! मीटर भी चालू था!" आमच्या वरच्या मजल्यावरची यादम्मा पीठ आंबवायला ठेवून खाली यायची आणि आपल्या मेलेल्या सासूनं पुन्हा येऊन भांडण काढल्याचं सांगायची. सर छत्रीच्या दांडीवर दोन्ही हात ठेवून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "अच्छा."

एवढंच. अर्थ सांगायचे नाहीत. लोकांना अर्थच हवा असायचा. साप दिसला म्हणजे काय, दात पडला म्हणजे घरात कोण जाणार. सर म्हणायचे, "साप तुमचा, दात तुमचा. मला काय माहीत?" यादम्मा रागवायची. "इतना पढके क्या फायदा मग? गुडीतले पंतुलु पण सांगतात!" देवळातला पुजारी सांगतो ते कॉलेजातल्या प्रोफेसरला येत नाही, हे तिला पटण्यासारखं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सांगायला यायची. मी एकदा तिला विचारलं, अर्थ सांगत नाहीत तर जातेस कशाला? ती म्हणाली, "घर में कौन सुनता दीदी? यहाँ सासूची गोष्ट सांगून टाकली की वो दिनभर वापस नहीं आती."

आयुष्याबद्दल सल्ला द्यायला असे कंजूष असणारे सर बाकी बाबतीत मात्र न विचारता सल्ले द्यायचे. आंबा कसा कापावा, दिलसुखनगरला कुठल्या गल्लीतून जावं, लोणच्यात मेथी आधी की मोहरी आधी. माझ्या फोडणीत नाक खुपसायचे. मी एकदा म्हटलं, "सर, माणसानं नवरा सोडावा की नाही यावर तुम्ही गप्प, आणि हिंग किती घालावा यावर भाषण."

"हिंगाचं मला ठाऊक आहे," सर म्हणाले.

मला त्यांनी सुरुवातीला बरेच दिवस विचारलं, "काय पाहिलंत?" मी सांगितलं, मला स्वप्नं पडत नाहीत. झोपायला मिळतात सहा तास, त्यात वेळ कुठे? ते म्हणाले, "अच्छा." त्या 'अच्छा'चा मला राग यायचा. त्यात अविश्वास नव्हता, पण फाइल बंदही केलेली नसायची.

त्यांच्या व्हिएन्नाच्या डॉक्टरांचं असं ठाम म्हणणं होतं की माणूस उगीच काही विसरत नाही. सर हे सगळ्यांना लावायचे. कोणी किल्ली विसरला तर म्हणायचे, "घरी जायचं नव्हतं." आणि स्वतःची छत्री दर दोन-तीन दिवसांनी आमच्याकडे विसरायचे. संध्याकाळी नेमके जेवणाच्या वेळेला ती न्यायला यायचे. सासूबाईंनी एकदा त्यांना दारातच धरलं.

"मास्तर, छत्रीबित्री काही नाही. तुम्हाला माझी अंबाड्याची भाजी हवी असते."

सर इतके लाजले की उंबऱ्यावरच चप्पल घालून उभे राहिले. मग म्हणाले, "वहिनी, डॉक्टरांना हे कळायला एक पुस्तक लिहावं लागलं हो."

"मग त्यांची बायको भाजी चांगली करत नसेल," असं म्हणून सासूबाईंनी पाट मांडला. अंबाडा, म्हणजे अंबाडीचा पाला, त्या आमच्याकडच्या पद्धतीनं, तूरडाळ आणि भरपूर लसूण घालून करतात. सर त्यानंतर छत्री न विसरताच जेवायला येऊ लागले. त्यांच्या शास्त्रातला इलाज झालेला मी एवढाच पाहिला.

आता जयंतीचं. सर निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी मंडळापुढे कल्पना मांडली. आमच्या मंडळाला जयंत्या-पुण्यतिथ्यांचा चांगला सराव आहे, त्यामुळे कोणाची एवढं विचारण्यापलीकडे कोणी हरकत घेतली नाही. फोटो, हार, समई, नारळ, अध्यक्ष, आभार, उपमा. फोटो सरांनी दिला. त्यात डॉक्टरांची पांढरी दाढी, करडी नजर आणि उजव्या हाताच्या बोटांत सिगार. कार्यकारिणीला सिगार खटकला. मंडळाच्या हॉलमध्ये तंबाखू कशी लावणार? सचिवांनी सरांना न विचारता स्टुडिओत सांगून तो पुसून घेतला. सिगार गेला, दोन बोटं तशीच वर राहिली. फोटो भिंतीवर लागला तेव्हा कोट घातलेला एक दाढीवाला महापुरुष आशीर्वाद देत होता.

व्हायचं ते झालं. आलेल्या बायका रांगेनं पुढे गेल्या, हळद-कुंकू वाहिलं, नमस्कार केला. एका आजींनी विचारलं, "यांचा वार कोणता?" यादम्मा मराठी नसूनही सरांसाठी आली होती, तिनं तर नारळ फोडून पाणी फोटोच्या पायाशी शिंपडलं. सर उशिरा आले. दारातून त्यांनी फोटो पाहिला आणि त्यांचा चेहरा लालभडक झाला. मला वाटलं, आता हा माणूस हार ओढून काढणार. ते बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांना जे हसू आलं ते आवरेना, खाली बसावं लागलं. "जन्मभर देव नाही म्हणत होता," ते डोळे पुसत म्हणाले, "घ्या आता!" तो फोटो त्यांनी बदलू दिला नाही. अजून तोच आहे. कुंकवाचे डाग काचेच्या आत गेलेत, ते निघत नाहीत.

त्या पहिल्या वर्षी अध्यक्षांनी मानसशास्त्राचं महत्त्व या विषयावर भाषण सुरू केलं तेव्हा सरांनी त्यांना नम्रपणे थांबवलं आणि बाज मध्यभागी आणवली. म्हणाले, "यांची जयंती भाषणानं होत नाही. इथं कोणीही एकानं निजावं, पंख्याकडे बघावं, मनात येईल ते बोलावं. बाकीच्यांनी त्याच्या डोक्यामागे बसावं, म्हणजे आपले चेहरे त्याला दिसणार नाहीत. मधे बोलायचं नाही. सल्ला नाही. 'असंच माझ्या मावशीचं झालं होतं' नाही. कोणाला उत्तर द्यायचंच असेल तर उद्या सकाळी."

"उद्या कशाला?" आमच्यातले एक निवृत्त वकील लगेच म्हणाले. "आत्ता सुचलेलं उद्यापर्यंत—"

"दूध आहे का नासायला?" सर म्हणाले.

पण सरांना आपली माणसं ठाऊक होती. वकील, मास्तर, कचेरीतले लोक; वाक्य पुरं व्हायच्या आत निकाल देणारी घराणी. म्हणून त्यांनी खिशातून पुडी काढली आणि प्रत्येकाच्या हातावर खडीसाखरेचा एक मोठा खडा ठेवला. सगळ्यांनी प्रसाद म्हणून कपाळाला लावून तोंडात टाकला. "विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. चावायचं नाही," सर म्हणाले. तोंडात मोठा खडा असला की माणसाला फार तर 'हूं' म्हणता येतं.

बाजेवर कोणी गेलंच नाही. पंखा फिरत होता, चाळीस माणसं साखर चोखत बसली होती. शेवटी सर स्वतः आडवे झाले. पाय बाजेबाहेर, मोज्याला भोक. म्हणाले की निवृत्त झाल्यापासून त्यांना रोज एकच स्वप्न पडतं. ते वर्गात शिकवताहेत, शिकवणं छान रंगलंय, फळ्याकडून वळतात तर बाकं रिकामी. "भीती रिकाम्या बाकांची नाही वाटत," ते म्हणाले, "भीती अशी वाटते की ती पहिल्यापासूनच रिकामी असतील."

तेवढ्यात 'कुडुम्' असा आवाज झाला. वकीलसाहेबांनी खडा चावला होता. "मग घरी ट्यूशन सुरू करा ना, सर!"

सर उठून बसले. वकीलसाहेबांना म्हणाले, "सल्ला उत्तम आहे. उद्या सकाळी माझ्याकडे या आणि सांगा." वकीलसाहेब दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. मग तिसऱ्या दिवशी गेले आणि, हे मला सरांनी सांगितलं, ट्यूशनचं नावही न काढता आपल्या धाकट्या मुलाबद्दल दोन तास बोलत बसले. पुढच्या वर्षापासून बाज रिकामी राहिली नाही.

मी त्यांच्याशी भांडायचे. स्टोअरमध्ये दिवसभर हिशेबाची, उपयोगाची भाषा ऐकून माझा स्वभाव तसा झाला आहे. मी म्हणायचे, आता सगळ्याला गोळ्या आहेत, मेंदूचे फोटो निघतात, तुमच्या डॉक्टरांचं बरंचसं खोटं ठरलंय असं आमच्याकडचे डॉक्टर सांगतात. सर अजिबात चिडायचे नाहीत. "निम्मं तर चुकलंच आहे. बायकांबद्दल तर जास्तच." मग एकदा म्हणाले, "तुमच्या स्टोअरमध्ये कापूस ठेवता का?"

"ठेवते की."

"तो औषध आहे का?"

"नाही. औषध लावायला लागतो."

"तेवढंच," सर म्हणाले आणि मला शेवग्याच्या शेंगा कुठल्या मंडईत घ्याव्यात ते सांगू लागले.

जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, ते फिरून आले, खुर्चीत बसले आणि गेले. दार उघडंच होतं. ऑटोवाला आपलं स्वप्न सांगायला आत गेला होता, त्यानं आधी सगळं सांगितलं आणि 'अच्छा' आलं नाही तेव्हा त्याला कळलं. तो धावत आमच्याकडे आला. पुढचं सगळं मी केलं. ते काम मला येतं.

एप्रिलमध्ये मंडळाचे नवे सचिव घरी आले. तरुण आहेत, हायटेक सिटीत नोकरी करतात. म्हणाले, "मावशी, सर होते तोवर ठीक होतं. आता लोक येतील का? माझ्या ओळखीचा एक मोटिव्हेशनल स्पीकर आहे. मेंटल हेल्थवर बोलतो, स्लाइड्स दाखवतो. पब्लिकला आवडतं."

मी म्हटलं, "बाज माझ्याकडे आहे. जयंती आहे तशी होईल. स्पीकर पंधरा ऑगस्टला बोलवा." यात सरांवरची माया किती आणि ठरलेलं काम मोडायची माझी नावड किती, हे मी तपासलं नाही.

तर आज संध्याकाळी पाच वाजता बाज हॉलमध्ये लागली. तीसेक माणसं आली. खडीसाखर मी वाटली. वकीलसाहेबांची आता कवळी आहे, त्यांचा खडा सगळ्यांत जास्त वेळ टिकतो. एका बाईंनी आपल्या दुकानाबद्दल सांगितलं, एक विद्यार्थी आडवा होऊन फक्त रडला आणि "थँक्यू" म्हणून उठला. मग कोणी उठेना. मी घड्याळ पाहिलं. उपमा गार होत होता. आभार मानायला उठणार तोच माझ्या शेजारची खुर्ची सरकली. सासूबाई उठल्या होत्या.

मी हात द्यायला गेले तर म्हणाल्या, "बस तू." इतक्या वर्षांत त्या एकदाही बाजेवर गेल्या नव्हत्या. चाळीस माणसांसमोर पाय पसरून निजायचं म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. आता त्या डाव्या हातावर भार देऊन बसल्या, आडव्या झाल्या, पदर पायांवर ओढून घेतला आणि पंख्याकडे बघू लागल्या.

"मला पुण्याला जायचं नाही," त्या म्हणाल्या. "बस. झालं."

पण उठल्या नाहीत.

"नाही झालं. थांबा. मी पडले तेव्हा हे सगळे घाबरले. मी नाही घाबरले. फरशीवर पडून होते, हात दुखत होता, खोटं कशाला बोलू. पण वर यादम्माचा मिक्सर चालू होता. म्हटलं, हौ, चटणी झाली की ती मला द्यायला खाली येईल. आणि आलीच ती. दार ढकलून आत आली, 'अम्मा, अम्मा' करत. पुण्याला कोण येईल? तिथं दार लावून घेतात. कोणी यायचं तर खालून फोन लागतो. घरात माणूस असतं म्हणतात. असतं ना. त्या बाईला पगार देतात, ती मोबाइल बघत बसते, तिला माझ्याशी बोलायचं नसतं. मला पण नसतं."

माझ्या डाव्या बाजूला हे बसले होते. त्यांचा जबडा चालू झाला.

"मोठा चांगला आहे. सून पण चांगली आहे. त्यांचं काही नाही. पण तिथं गेले की मी जपून बोलते. 'हौ' म्हटलं की नातू हसतो. हसू दे, पोट्टा आहे. पण त्याचे मित्र येतात तेव्हा तो मला हळूच सांगतो, आजी, आत बस ना. मग मी आत बसते. पंधरा दिवस बसते, पाहुणी म्हणून. मरेपर्यंत कशी बसू? मला विचारलं तेव्हा मी 'ठरवलंत ना' म्हणाले. कारण मधेच कोणीतरी बोलणार, लिफ्ट आहे, दवाखाना आहे. सगळं खरंच आहे. माझं बोलणं त्याच्यापुढं काय टिकणार? म्हणून इथं बोलते. इथं तुमच्या तोंडात साखर आहे."

"आई, पण—" हे म्हणाले. खडा गालात धरून, बोबडं.

मागून वकीलसाहेबांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कवळी सांभाळत, साखर सांभाळत, एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी."

सासूबाईंनी पायांवरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "आता झालं," आणि उठायला हात पुढे केला. या वेळी तो मी धरला.

घरी येऊन आम्ही उपमाच खाल्ला, उरला होता. टीव्ही लावला. हे इतके गप्प होते की सासूबाईंनीच शेवटी विचारलं, "दात दुखतो का तुझा?" मी हे लिहायला बसले तेव्हा त्यांनी वाकून पाहिलं. म्हटलं, हॉलमधलं बाहेर न्यायचं नाही असा नियम नाही, पण तुमचं लिहू का? त्या म्हणाल्या, "लिही की. बोलले ती मी, तू कायकू घाबरतेस?"

आता झोपायला जाते आहे आणि माझ्याकडे उत्तरं तयार आहेत. दिवसभर घर बंद. पुन्हा पडल्या तर? या वेळी मनगट, पुढच्या वेळी खुबा. यादम्मा रोजच घरात असेल कशावरून? मला नऊला निघावंच लागतं. यातलं एकही चूक नाही.

७ मे. सकाळी उठले तेव्हा उत्तरं तशीच होती, शिळी झालेली नव्हती. फक्त चहा गाळताना माझ्या लक्षात आलं की दोन महिने आम्ही घर, माणूस, लिफ्ट, दवाखाना सगळ्याचा विचार केला आणि ज्या बाथरूममध्ये त्या पडल्या ते मात्र जसंच्या तसं आहे. गुळगुळीत फरशी, उंच उंबरठा, धरायला नळाशिवाय काही नाही. रुग्णालयात वॉर्डाच्या प्रत्येक बाथरूमला दांड्या बसवल्यात. त्यांची मागणी माझ्याच टेबलावरून जाते.

मी अर्ध्या दिवसाची रजा कळवली. यादम्माकडे वर गेले, दुसरी किल्ली तिला दिली आणि दुपारी एकदा डोकावशील का विचारलं. ती म्हणाली, "मैं तो जातीच हूँ दीदी, तुमको मालूम नहीं." खाली आले तर हे गॅलरीत पुण्याशी बोलत होते. "नाही दादा... हो, लिफ्ट आहे, माहीत आहे... नाही, रागावलेली नाही. अरे, ती पूर्ण बोलली. आधी ऐक तरी... नाही, मधे बोलू नकोस."

मलकपेठेच्या हार्डवेअरच्या दुकानातून स्टीलच्या तीन दांड्या घेतल्या, खरखरीत टाइल्स सांगून ठेवल्या आणि प्लंबरला सोबतच स्कूटरवर बसवून आणलं. त्यानं बाथरूम पाहिलं, भिंतीवर टिचक्या मारल्या आणि दांडी छातीच्या उंचीवर धरली. त्याच्या छातीच्या.

"इधर लगा दूँ?"

मी सासूबाईंना हाक मारली. म्हटलं, "आई, आत या. पडायला लागलात तर हात कुठे जाईल तो दाखवा."

त्या उंबरठ्यावर उभ्या राहिल्या. प्लंबरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग दुखरा हात लांब करून भिंतीवर टेकवला, त्यानं धरलेल्या दांडीच्या चांगलाच खाली.

"इधर," त्या म्हणाल्या. "और मजबूत बिठाव. मैं रहनेवाली हूँ."